रूफ, सीलिंग, टेरेस : या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे घराच्या वरच्या बाजूसाठी शब्दांची कमी नाही. मातीचं असेल तर धाबं, सिमेंटचा स्लॅब, वर चढलं की गच्ची, गोठ्यावर पत्रे. इंग्रजी बोलायची वेळ आली की मात्र सरसकट ‘रूफ’ नाहीतर ‘टेरेस’, आणि तिथेच घोटाळा होतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक पंख्याची. ‘द फॅन इज ऑन द रूफ’ म्हणाल तर पंखा घराबाहेर, भर उन्हात फिरतोय असा अर्थ होतो. ऊन-पाऊस झेलतं ते रूफ; खोलीत मान वर केल्यावर दिसतं ते सीलिंग. मराठीत दोन्ही छतच. पावसाळ्यात हा फरक नीट कळतो. धाब्यावरची खारी माती वाहून गेली, पाणी मुरलं, आत ओल आली, तर म्हणायचं : ‘द रूफ इज लीकिंग अँड देअर इज अ डॅम्प पॅच ऑन द सीलिंग.’ गळतं रूफ, डाग पडतो सीलिंगवर. ‘स्लॅब इज लीकिंग’ भुसावळात चालेल. इंग्लंडमध्ये स्लॅब म्हणजे नुसती जाड लादी.

टेरेसचंही तसंच. ब्रिटनमध्ये टेरेस म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांची रांग, किंवा घरालगतची फरसबंद मोकळी जागा. उन्हाळ्यात आपण बिबडे वाळवतो, रात्री अंथरूण टाकतो, ते तिकडच्या माणसाला सांगताना ‘फ्लॅट रूफ’ म्हणा. नुसतं रूफ म्हटलं तर तो उतरत्या कौलांवर झोपलेली माणसं शोधत बसेल!

आपला ‘वर’ही फसवतो. कबूतर रूफला टेकून बसलंय, म्हणून ‘ऑन द रूफ’. विमान वरून जातं, म्हणून ‘ओव्हर द रूफ’.

अनेकवचन ‘रूफ्स’. ‘लीफ’चं ‘लीव्ह्ज’ होतं म्हणून ‘रूव्ह्ज’ लिहू नका, परीक्षेत गुण जातील.

वाक्प्रचार शब्दशः उचलू नयेत. ‘हिट द रूफ’ म्हणजे संतापणे. त्याचा आणि नियम धाब्यावर बसवण्याचा काही संबंध नाही. सोन्याचा भाव भडकला तर ‘गॉन थ्रू द रूफ’. आणि गरमागरम भरीत घाईत खाऊन टाळू भाजली, तर तेही रूफच : ‘आय बर्न्ट द रूफ ऑफ माय माउथ.’