वजन जास्त असताना दिवस राहिले, तर वजन कसे सांभाळावे?

दिवस राहिल्याचे कळले की वजन जास्त असलेल्या बाईला आनंदाबरोबर धास्तीही वाटते आणि मनात लगेच डाएटचा विचार येतो. तो आधी बाजूला ठेवा. या नऊ महिन्यांत वजन उतरवायचे नसते, ते वाढण्याचा वेग आवरायचा असतो. उपाशी राहिलात तर बाळाच्या वाट्याची प्रथिने आणि लोहही कमी होते.

१. आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, काढा. गरोदर राहण्याआधीच्या वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागा. वजन ७२ किलो आणि उंची १.६० मीटर असेल, तर बीएमआय साधारण २८ येतो. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या शिफारशीनुसार, पोटात एकच बाळ असताना बीएमआय २५ ते २९.९ असेल तर एकूण ७ ते ११.५ किलो वाढ योग्य. ३० किंवा त्याहून जास्त असेल तर ५ ते ९ किलो. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो, पुढे आठवड्याला साधारण पाव किलो. जुळे असेल तर हे आकडे लागू नाहीत, डॉक्टरांना विचारा.

२. आठवड्यातून एकदाच वजन करा. ठरलेल्या दिवशी, सकाळी, पोट रिकामे असताना करा आणि लिहून ठेवा. रोज काट्यावर उभ्या राहू नका. अंगातल्या पाण्यामुळे आकडा रोज थोडा हलतो आणि उगाच जीव टांगणीला लागतो.

३. ताट बदला, भूक मारू नका. ‘आता दोन जिवांचं खा’ हे प्रेमापोटी सांगितले जाते, पण पहिल्या तीन महिन्यांत जास्तीच्या अन्नाची गरज जवळपास नसते. अर्धे ताट भाज्यांचे, पाव डाळी, अंडी किंवा मासे अशा प्रथिनांचे आणि पाव अख्ख्या धान्याचे ठेवा. मळमळ होत असेल तर थोडे थोडे, वरचेवर खा. सगळ्यात जास्त फरक पडतो तो गोड पेये आणि साखरेचा चहा कमी केल्याने. फळाचा रस पिण्यापेक्षा फळच खा.

४. चाला. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटे. आधी सवय नसेल तर १० मिनिटांपासून सुरुवात करा. चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा. पोहणेही उत्तम, पाण्यात पोटाचा भार जाणवत नाही. रक्तस्राव झाला, छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

५. पहिल्याच भेटीत डॉक्टरांशी वजनाबद्दल मोकळेपणाने बोला. संकोच नको. साखरेची तपासणी लवकर करायची का, फॉलिक ॲसिड किती घ्यायचे, हे त्यावरून ठरते. वजन कमी करण्याच्या गोळ्या किंवा चूर्ण मात्र अजिबात घेऊ नका.

वजन एकाएकी वाढले आणि सोबत चेहरा किंवा हात सुजले, डोके सतत ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगड्यांखाली दुखू लागले, तर ते खाण्यामुळे वाढलेले वजन समजू नका. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते. पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा, मग रात्र असली तरी.