तायक्वांदो शिकताय? मग या चुका टाळा

तायक्वांदोने अंग मोकळं होतं, तोल सुधारतो, मन एका जागी थांबायला शिकतं. हे अनुभवाने सांगते. तरीही सहा महिने घाम गाळून पदरात फक्त गुडघेदुखी पडलेले विद्यार्थी मला भेटतात. मेहनतीत ते कुठेच कमी नसतात. सगळं लक्ष उचललेल्या पायावर असतं आणि चूक टेकलेल्या पायात.

दोल्यो चागी, म्हणजे बाजूने वळून येणारी किक, मारताना टेकलेला तळवा जमिनीला चिकटून राहतो आणि कंबर मात्र फिरते. तो सगळा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघ्याचा सांधा वाकण्या-सरळ होण्यासाठी आहे, पिळला जाण्यासाठी नाही. चवड्यावर या आणि टाच लक्ष्याकडे वळू द्या. जमत नसेल तर भिंतीला हात टेकून अगदी सावकाश करा: गुडघा वर, टाच वळवा, पाय सरळ, पुन्हा गुडघा मिटा, मगच पाय खाली. ज्या टप्प्यावर दोन सेकंद थांबता येत नाही, तिथेच तुमचा तोल सुटतोय. कंटाळवाणं वाटेल, पण तोल खरा सुधारतो तो इथेच.

हवेत किक मारताना पूर्ण जोर लावून गुडघा शेवटपर्यंत ताणू नका. पूर्ण ताकद पॅडसाठी ठेवा.

सिडनी 2000 पासून हा ऑलिम्पिकचा पदक खेळ झाला, आणि तिथल्या डोक्यापर्यंत जाणाऱ्या किक पाहून पहिल्याच महिन्यात तशी उंची गाठायचा मोह होतो. मग थंड अंगानेच स्प्लिट ताणले जातात आणि मांडीचा स्नायू दुखावतो. आधी दहा मिनिटं हलकं धावणं, पाय झुलवणं; लांब ताण सरावानंतर. कमरेइतकी स्वच्छ किक महिनाभर मारा.

पूमसे, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली, अनेकांना परीक्षेपुरत्या वाटतात. माझ्या मते एकाग्रता सर्वांत जास्त इथेच घडते. तेगुक इल जांग या पहिल्याच पूमसेमध्ये सतत दिशा बदलते. वळताना आधी नजर, मग पाऊल. पाठ झालं म्हणून घाईने उरकलं, तर उरते फक्त कवायत.

लवकर धाप लागते? बहुधा श्वास रोखलेला असतो. किहाप, म्हणजे ती आरोळी, पोटातून श्वास बाहेर सोडण्यासाठीही आहे. लाजून ती गिळू नका. आणि गुडघा सुजला असेल, तर त्या दिवशी किक बंद. सूज राहिली तर डॉक्टरांना दाखवा.