बंद पडून राहिलेली टू-स्ट्रोक २५० सुरू करण्याआधी

होंडा एनएसआर२५०आर, यामाहा टीझेडआर२५०, सुझुकी आरजीव्ही२५०, कावासाकी केआर-१. १९८५ नंतरच्या काही वर्षांतल्या या जपानी गाड्या आज हाती लागतात तेव्हा बऱ्याचदा वर्षानुवर्षं एका जागी उभ्या असतात. जपानमध्ये २५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना 'शाकेन' ही ठरावीक मुदतीची तपासणी लागत नाही. त्यामुळे तिथून आलेल्या गाडीचे कागद साफ असले तरी इंजिनाची तब्येत त्यातून कळत नाही.

बॅटरी बदलून, ताजं पेट्रोल ओतून किक मारली तर यांतली एखादी सुरूही होते आणि दहा-वीस किलोमीटरवर पिस्टन सीज होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये तेलाचा साठा नसतो. क्रँकच्या बेअरिंगना पेट्रोलसोबत येईल तेवढंच तेल मिळतं. गाडी उभी राहिली की तेलाचा थर सुकतो, दमट हवेतलं पाणी खाली साचून बेअरिंगला गंज धरतो आणि क्रँकची रबरी सील कडक होतात. म्हणून किकला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

दोन्ही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ ते १० मिली टूटी (टू-स्ट्रोकचं) तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. मागचं चाक उचलून सहावा गिअर टाका आणि चाक हाताने हळूहळू फिरवा. क्रँक सगळीकडे सारखा फिरायला हवा. प्रत्येक फेरीत त्याच जागी खरखर लागत असेल तर ते बेअरिंग गंजलंय. मग पुढचं काहीच करू नका, इंजिन उघडायचं आहे.

सायलेन्सरचे पाइप सुटले की एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्चच्या उजेडात पिस्टन बघा. उभे, खोल ओरखडे म्हणजे आधी कधीतरी सीज झालेला. एनएसआर आणि आरजीव्हीच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असतो. तो उडाला असेल तर बोअर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन घालण्याचा नेहमीचा उपाय इथे चालत नाही, लेप नव्याने चढवावा लागतो.

यानंतर गळतीची चाचणी. लोक नेमकी हीच टाळतात. कार्बोरेटर काढा. एका इनटेक रबरात घट्ट बूच बसवून वर क्लिप आवळा, दुसऱ्यात नळी बसवलेलं बूच घाला. एक्झॉस्टवर ट्यूबचा तुकडा ठेवून त्यावर जाड पत्र्याची पट्टी कसा. प्लग परत लावा. हवा भरायला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि मीटर उत्तम, कारण दाब हवा ०.४ बार, म्हणजे मीटरवर ३०० मिमी. त्याहून जास्त भरली तर चांगलं सीलही जागेवरून सरकतं. सहा मिनिटं काटा जवळपास तिथेच राहायला हवा. मग नळी दुसऱ्या बाजूला लावून तेच करा, कारण दोन्ही सिलिंडरची क्रँककेस वेगळी असते.

काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा: मॅग्नेटचा रोटर काढून त्यामागचं सील, सिलिंडरखालचं गॅस्केट, रीड व्हॉल्व्हची (इनटेकमधल्या एकमार्गी झडपेची) बैठक, इनटेक रबराच्या भेगा. रेडिएटरचं झाकण उघडून आत बुडबुडे आले तर हवा हेडच्या सीलमधून जाते आहे. क्लचच्या बाजूचं सील दिसत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सच्या तेलाचं झाकण उघडून कान लावा, सूंऽऽ असा बारीक आवाज येतो. एक गोष्ट लक्षात असू द्या: पॉवर व्हॉल्व्हच्या (एक्झॉस्ट पोर्ट लहान-मोठं करणाऱ्या झडपेच्या) दांड्याजवळ फुटणारे बुडबुडे एक्झॉस्टकडचे असतात. तिथून काळं तेल पाझरेल, पण पिस्टन जळणार नाही. एवढ्यासाठी इंजिन खोलू नका.

मॅग्नेटकडचं सील गेलं की इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), थ्रॉटल सोडला तरी आरपीएम वरच अडकतो. क्लचकडचं गेलं की गिअरबॉक्सचं तेल जळतं आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ निघालं तर वॉटर पंपचं सीलही बघा.

कार्बोरेटर खोलताना व्हॅक्यूम आणि हवेच्या नळ्यांचे फोटो आधी काढा. दोन्ही कार्बोरेटरचे जेट एकाच नंबरचे असतीलच असं नाही, म्हणून दोन वाट्यांत वेगळे ठेवा. पायलट जेटमध्ये (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या बारीक जेटमध्ये) तार खुपसू नका, छिद्र मोठं झालं की सेटिंग कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा आणि उजेडासमोर धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे, अर्धचंद्र दिसला तर अजून मळ आहे.

पॉवर व्हॉल्व्हवरचा कार्बन लाकडी काडीने काढा. यामाहाच्या वायपीव्हीएस या पॉवर व्हॉल्व्ह यंत्रणेत चावी फिरवताच सर्व्हो (झडप फिरवणारी छोटी मोटर) एकदा घर्र करून फिरतो. आवाज आला नाही तर केबल किंवा सर्व्हो तपासा.

इंजिनात टूटी तेल सोडणाऱ्या तेलपंपाकडे जाणाऱ्या पारदर्शक नळ्या जुन्या झाल्या की पिवळ्या आणि कडक होतात, हलक्या धक्क्यानेही टोकावरून निसटतात. सरळ बदलाच. तेलाच्या टाकीतलं जुनं तेल काढून नवं भरा, पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहू द्या. पंपावर पहिल्याच दिवशी विश्वास नको: पहिल्या टाकीला ५ लिटर पेट्रोलमध्ये १०० मिली तेल मिसळा. धूर जास्त होईल, होऊ द्या. तेलाच्या टाकीची पातळी खरंच उतरते आहे, हे दिसल्यावर मिश्रण बंद करा.

आता किक. साचलेलं तेल जळताना पहिली काही मिनिटं धुराचा लोट उठतो, त्याने घाबरायचं नाही. गाडी तापेपर्यंत थ्रॉटल पिळू नका, पहिले १०० किलोमीटर तो पूर्ण उघडू नका, आणि दोन बोटं क्लचवर ठेवा. चाक आखडतंय असं वाटलं की क्षणात क्लच दाबायचा. परत आल्यावर प्लग काढून बघा. चॉकलेटी रंग ठीक. चुन्यासारखा पांढरा असेल तर कुठूनतरी हवा येते आहे. पांढऱ्यावर चंदेरी कण चिकटलेले दिसले तर पिस्टन वितळू लागलाय: गाडी पुन्हा सुरू न करता हेड उघडा.