आयाळ फिकी? आधी मुळं बघा

फिक्या आयाळीचा घोडा दिसला की आमच्या पेडण्यात लगेच निदान: 'पालोमिनो!' (सोनेरी अंग, फिकी आयाळ असा घोड्याचा रंग.) थांबा. आयाळ बाजूला सारून केसांची मुळं बघा. मुळं गडद आणि टोकं तेवढी भुरकट असली, तर तो गोव्याच्या उन्हाघामाचा प्रताप. तिथे जनुकांना कशाला ओढायचं?

मुळापासूनच फिकी असेल, तर पाय तपासा (पांढरे पट्टे सोडून). गुडघ्याखाली काळसर किंवा चॉकलेटी छटा म्हणजे अंगात काळं रंगद्रव्य आहे. मग संशय 'सिल्व्हर' जनुकावर. ते काळा रंग फिकट करतं, तांबड्याला जवळजवळ हात लावत नाही. म्हणून तांबड्या घोडीत ते लपून राहतं आणि शिंगरात अचानक उमटतं. याची खात्री कराच, कारण त्याच्याबरोबर डोळ्यांचे जन्मजात दोष येतात. जनुकाच्या दोन प्रती (आई-बापाकडून एकेक) असल्या तर जास्त.

पाय अंगासारखेच तांबडे? बहुधा 'फ्लॅक्सन', म्हणजे तांबड्या घोड्याची वारशाने आलेली फिकी आयाळ. अंगही सोनेरी असलं तर 'क्रीम' या रंग फिकट करणाऱ्या जनुकाची एक प्रत, म्हणजे खरा पालोमिनो. दोन प्रतींचा घोडा जवळपास पांढुरका, निळ्या डोळ्यांचा.

सिल्व्हर आणि क्रीमची डीएनए चाचणी होते. त्यासाठी आयाळीचे केस कापू नका, मुळासकट उपटा. फ्लॅक्सनसाठी मात्र आई-बाप आणि भावंडंच बघायची.