सिस्टमडी सर्व्हिसची सेटिंग बदलताय? या चुका टाळा

फाइलमधे सेटिंग बदलली, सेव्ह केली, सर्व्हिस रिस्टार्ट पण मारली आणि तरी जैसे थे. लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, हे झालेलं असतंच. (सिस्टमडी म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम.)

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पॅकेजसोबत आलेली मूळ युनिट फाइलच (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) उघडून तिच्यात लिहिणं. यूएसआर-लिब फोल्डराखालची ती फाइल पॅकेजची, आपली नाही, पुढच्या अपडेटला तिच्या जागी नवीन येते आणि आपलं लिहिलेलं गेलं. मी पण केलंय हे. डेटाबेसच्या फाइलमधे ओपन फाइल्सची लिमिट वाढवली, चार महिने मस्त चाललं, मग एका शुक्रवारी अपडेट मारला आणि सोमवारी सकाळी लॉगमधे 'टू मेनी ओपन फाइल्स'चा नुसता पाऊस, आणि मी आपला दोन तास नेटवर्कवाल्यांवर संशय घेत बसलोय.

आपले बदल ईटीसी फोल्डराखाली ठेवायचे, तेही अख्खी फाइल कॉपी न करता. 'सिस्टमसीटीएल एडिट' आणि पुढे सर्व्हिसचं नाव दिलं की 'ओव्हरराइड डॉट कॉन्फ' नावाची छोटी फाइल उघडते, तिच्यात फक्त बदलायच्या ओळी टाकायच्या. इथे एक गंमत आहे, नव्या व्हर्जनमधे एडिटरात वर दोन कॉमेंट दिसतात आणि त्यांच्या मधेच लिहायचं असतं, खाली जी मूळ फाइल दिसते ती नुसती बघायला, तिथे काही बदललंत तर ते गुपचूप टाकून दिलं जातं. आणि चौकटी कंसातलं 'सर्व्हिस' हे हेडिंग विसरू नका, त्याशिवायच्या ओळी सिस्टमडी धरतच नाही.

एक्झेकस्टार्ट, म्हणजे सर्व्हिस सुरू करणारी कमांड, बदलताना तर सगळेच आपटतात. नवीन कमांडची ओळ टाकली की जुनी जाईल असं वाटतं, पण जात नाही, दोन्ही राहतात आणि सर्व्हिस 'एकापेक्षा जास्त एक्झेकस्टार्ट' म्हणून सुरूच व्हायला नकार देते (वनशॉट, म्हणजे एकदा काम करून संपणाऱ्या प्रकाराला दोन चालतात, बाकीच्यांना नाही). म्हणून आधी 'एक्झेकस्टार्ट=' अशी रिकामी ओळ, बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नाही, आणि तिच्या खाली नवीन कमांडची ओळ. दिसायला येडपट दिसतं पण तसंच आहे.

ओळीच्या शेवटी हॅश देऊन 'साहेबांनी सांगितलं म्हणून वाढवली' वगैरे टीप लिहायची सवय असेल तर सोडा, इथे ती टीप व्हॅल्यूचाच भाग धरली जाते, 65535 पुढे असं काही असलं की अख्खी ओळ दुर्लक्षित. कॉमेंटला वेगळी ओळ द्या. एन्व्हायर्नमेंट फाइलमधे (सर्व्हिसला द्यायच्या व्हेरिएबल्सची फाइल) 'एक्स्पोर्ट' लिहिणं पण त्यातलंच, ती शेल स्क्रिप्ट नाहीये.

लिमिटसाठी बरेच जण अजून सिक्युरिटी फोल्डरातल्या 'लिमिट्स डॉट कॉन्फ'मधे जातात. ती फाइल लॉगिन करणाऱ्या युजरसाठी, पॅममधून (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) लागू होते, सिस्टमडीने उठवलेल्या सर्व्हिसला तिचा काही संबंध नाही. तिथे युनिटमधली 'लिमिटनोफाइल' ही ओपन फाइल्सची सेटिंगच लागते.

फाइल विम एडिटरने हाताने बदलली असेल तर आधी 'सिस्टमसीटीएल डेमन-रिलोड' (सिस्टमडीला फाइल्स पुन्हा वाचायला लावतं), मग रिस्टार्ट, या क्रमाने. एडिट कमांड रिलोड स्वतःच करते, रिस्टार्ट मात्र तुम्हालाच करायचा.

एवढं करूनही जमत नसेल तर फाइलकडे बघत बसू नका, सिस्टमडीला विचारा. 'सिस्टमसीटीएल कॅट' दिलं की मूळ फाइल आणि तुमचे ओव्हरराइड एकाखाली एक दिसतात, 'शो' दिलं की सिस्टमडीने प्रत्यक्षात काय व्हॅल्यू धरलीये ते कळतं, आणि दुर्लक्षित ओळींच्या तक्रारी जर्नलमधे, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमधे, ओळ नंबरसकट असतात. चुकत चुकत रिस्टार्ट मारत राहिलात तर डीफॉल्टला 10 सेकंदात 5 प्रयत्नांनंतर सिस्टमडी अडवतो, तेव्हा 'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड' मारून पुन्हा. आणि सगळाच घोळ झाला तर 'सिस्टमसीटीएल रिव्हर्ट', ओव्हरराइड उडतात आणि पॅकेजवाली मूळ सेटिंग परत येते.