कॉलेजात आहात तोवर हे सगळं वापरून घ्या

लेक्चर करायची, परीक्षा द्यायची एवढंच केलं तरी डिग्री मिळते, पण कॉलेजात आपल्यासाठी जे जे उघडं असतं त्यातलं बरंचसं मग तसंच पडून राहतं. लॅब, लायब्ररी, महागडी सॉफ्टवेअर्स, आणि एकाच विषयात आयुष्य घालवलेली माणसं. नंतर यातल्या एकेका गोष्टीसाठी पैसे मोजायला लागतात नाहीतर कुणाची तरी ओळख काढायला लागते. म्हणून कशाकशाचा अॅक्सेस आहे ते पहिल्याच वर्षी शोधून काढा, शेवटच्या सेमिस्टरला कळून काही फायदा नाही.

सगळ्यात जास्त वाया जातात ते शिक्षक, हे मी अगदी मनापासून सांगतेय. बहुतेक मुलं केबिनमध्ये जातात ती फक्त सही घ्यायला, आणि शंका विचारायला टॉपरच जातात असा एक समज असतो, तो आधी डोक्यातून काढा. फक्त जाताना "सर चॅप्टरच कळला नाही" असं म्हणत जाऊ नका, कारण मग त्यांनाही कळत नाही सुरुवात कुठून करायची. आधी स्वतः प्रॉब्लेम सोडवायला बसा, जिथे अडलं तिथे खूण करा, तो कागद घेऊन जा आणि विचारा की इथपर्यंत आलं, पुढची स्टेप अशीच का? बऱ्याचदा दहा मिनिटांत गाठ सुटते. दोन-तीनदा असं गेलात की मग विचारा, मॅडम तुम्ही सध्या कशावर काम करताय, त्यात मला काही मदत करता येईल का. नाही म्हणाल्या तरी काही बिघडत नाही, पण प्रोजेक्ट, इंटर्नशिप यांचे रस्ते बरेचदा इथूनच निघतात. पुढे रेकमेंडेशन लेटर लागेल तेव्हा जो शिक्षक तुम्हाला ओळखतो तोच नीट लिहू शकतो. ते पत्र निदान तीन-चार आठवडे आधी मागा, आणि सोबत मार्कशीट, केलेल्या कामाची माहिती आणि शेवटची तारीख द्या.

अभ्यासाचं म्हणाल तर नोट्स परत परत वाचणं बंद करा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने 1885 मध्येच दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो. आणि 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात, ज्यांनी उतारा पुन्हा वाचला त्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे होते. म्हणजे वाचून झाल्यावर जे 'आलं आलं' वाटतं ते फसवं असतं! त्याच दिवशी संध्याकाळी वही बंद करून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग वही उघडून काय सुटलं ते बघा, आणि काही दिवसांनी परत तेच. जुने पेपरही असेच सोडवा, उत्तर शेजारी ठेवून नाही.

लायब्ररीत एकदा लायब्ररियनशी बोला. कुठली जर्नल्स घरून लॉगिन करून वाचता येतात, आपल्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतं का, हे त्यांना माहीत असतं आणि फार कमी मुलं विचारतात.

क्लब एक किंवा दोनच धरा. पाच ग्रुपमध्ये नाव असण्यापेक्षा एकात दोन वर्षं टिकून हिशोब सांभाळणं, कार्यक्रम उभा करणं यातून खूप जास्त शिकायला मिळतं. आणि आपल्याच ग्रुपमध्ये बसून राहू नका, दुसऱ्या डिपार्टमेंटची मुलं, सीनियर यांच्याशी ओळख ठेवा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना ती खबर बहुतेक वेळा अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसांकडून मिळाली होती, जवळच्या मित्रांकडून नाही. कारणही साधं आहे, रोजच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं.

झोप मारून अभ्यास करू नका, लक्षात राहायला झोप लागतेच. आणि एखादा विषय राहिला, हॉस्टेलवर मन लागत नाही, किंवा कोर्सच चुकला असं वाटायला लागलं तर गप्प बसून सेमिस्टर जाऊ देऊ नका, कॉलेजात काउन्सेलर असेल तर त्यांना भेटा, नसेल तर ज्या शिक्षकांशी मोकळं बोलता येतं त्यांच्याकडे जा, आणि शाखा किंवा विषय बदलायच्या तारखा ऑफिसमधून लगेच विचारून घ्या कारण त्या निघून गेल्या की बरेचदा पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.