वर्डमध्ये यादी करताना या चुका टाळा : विषयपत्रिकेचे आणि इतिवृत्ताचे क्रमांक का बिघडतात

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात राज्यभर सोसायट्यांचे सेक्रेटरी वर्ड उघडून बसतात. आधी नोटीस आणि विषयपत्रिका, सभेनंतर इतिवृत्त. ही दोन्ही कागदपत्रं म्हणजे क्रमांक घातलेल्या याद्याच. नोटिशीतला विषय क्र. ६ इतिवृत्तात ७ होऊन बसला, तर एखादा सभासद हरकत घेणारच, आणि त्याची हरकत रास्त असते. म्हणून ही यादी नीट करायला शिकणं मला फार महत्त्वाचं वाटतं. उदाहरणं सोसायटीच्या कागदांची घेतली आहेत. ग्रामसभेचे ठराव किंवा शाळेतल्या पालकसभेची टिपणं यांनाही हेच लागू पडतं.

क्रमांक हाताने टाइप करणं

सगळ्यात जास्त त्रास या सवयीचा. ‘१.’ टाइप करायचं, चार-पाच वेळा स्पेसबार दाबायचा आणि मजकूर लिहायचा. पडद्यावर ठीक दिसतं. मग अध्यक्ष सांगतात, लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय तिसरा घ्या. आता पुढचे सगळे आकडे खोडून पुन्हा लिहा. त्यात एक जरी सुटला तरी दोन विषयांना एकच क्रमांक जातो. शिवाय मंगल, कोकिळा या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते, त्यामुळे स्पेस मारून दुसरी ओळ पहिलीच्या बरोबर खाली कधीच येत नाही.

यावर उपाय म्हणजे मजकूर क्रमांकाशिवाय लिहायचा, सगळे विषय निवडायचे आणि ‘होम’ टॅबवरचं ‘नंबरिंग’ बटण दाबायचं. मग विषय वर-खाली केला तरी मोजणी वर्ड सांभाळतं. ऑल्ट आणि शिफ्ट दाबून ठेवून वर-खालीचे बाण वापरले, की कर्सर असलेला विषय अख्खा सरकतो, क्रमांक आपोआप बदलतात. कापा-चिकटवाची गरज पडत नाही.

अनेक जण हाताने टाइप करतात त्याचं कारण वेगळं असतं : बटण दाबलं की इंग्रजी आकडे येतात, आणि कागद मराठी असतो. त्यासाठी ‘नंबरिंग’च्या बाजूचा बाण उघडा, ‘डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट’ घ्या आणि ‘नंबर स्टाइल’च्या यादीत खाली जाऊन देवनागरी १, २, ३ निवडा. तिथे ते दिसत नसतील तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेज’मध्ये हिंदी भाषा जोडा, वर्ड बंद करून पुन्हा उघडा. सरकारी कागदांत चालणारी अ, ब, क, ड ही माळ मात्र तयार मिळत नाही. उपमुद्दे दोन-चारच असतील तर तेवढी अक्षरं हाताने लिहायला हरकत नाही. पण मग अक्षरानंतर स्पेस न मारता एकदा टॅब दाबा आणि त्या परिच्छेदाला कंट्रोल + टी द्या. पुढच्या ओळी मजकुराखाली सरळ लागतात.

‘ठराव क्र.’ प्रत्येक वेळी लिहिणं

त्याच ‘डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट’च्या चौकटीत राखाडी आकडा दिसतो. त्याच्या आधी ‘ठराव क्र.’ असं लिहून ठेवा, राखाडी आकडा मात्र पुसू नका. आता प्रत्येक ठरावाला हे शब्द आपोआप लागतात.

इथे लगेच दुसरी अडचण येते. पहिली ओळ लांब उजवीकडे उडते आणि दुसरी ओळ डावीकडेच राहते. कारण साधं आहे. वर्ड साधारणपणे क्रमांक पाव इंचावर ठेवतं आणि मजकूर अर्ध्या इंचावर. म्हणजे क्रमांकाला जागा फक्त पाव इंच. त्यात ‘ठराव क्र. १०’ मावत नाही, म्हणून मजकूर पुढच्या टॅब-थांब्यावर जाऊन पडतो. क्रमांकावर राइट क्लिक करा, ‘अ‍ॅडजस्ट लिस्ट इंडेंट्स’ उघडा आणि ‘टेक्स्ट इंडेंट’, म्हणजे मजकुराचं डावीकडून अंतर, सव्वा इंच करा. रुलरवर त्रिकोण ओढूनही हे होतं, पण मग एकाच ठरावाचा इंडेंट बदलतो आणि बाकीचे तसेच राहतात. नऊपर्यंत सरळ दिसणारी यादी दहाव्या क्रमांकापासून सरकते, तिथेही बहुतेक वेळा हीच जागा कमी पडलेली असते.

सूचक-अनुमोदकाच्या ओळीने यादी तुटणं

ठरावाखाली ‘सूचक’, ‘अनुमोदक’ आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ या ओळी येतात. एंटर मारला की त्यांनाही क्रमांक लागतो. तो पुसून पुढे लिहिलं की पुढचा ठराव पुन्हा १ पासून सुरू होण्याची शक्यता असते. अशा वेळी ‘सेट नंबरिंग व्हॅल्यू’मध्ये जाऊन ‘५’ ठोकून देऊ नका. तसं केलं की तिथून वेगळी यादी सुरू होते, आणि वर नवा ठराव घातला तरी तो पाच पाचच राहतो. राइट क्लिक करून ‘कंटिन्यू नंबरिंग’ निवडा.

त्याहून बरा मार्ग म्हणजे या ओळींसाठी शिफ्ट + एंटर वापरणं. ओळ बदलते, परिच्छेद तोच राहतो, क्रमांक लागत नाही. फक्त मजकूर दोन्ही बाजूंनी जस्टिफाय केलेला असेल तर त्या आधीच्या ओळीतले शब्द विचित्र ताणले जातात. याद्यांना डावीकडूनच सरळ ठेवा. मराठीतल्या लांब शब्दांना तेच शोभतं.

आकडाच ठळक झाला

सगळे क्रमांक साधे आणि एकच ठळक, हा प्रकार पाहून लोक हैराण होतात. क्रमांकावर क्लिक करून कंट्रोल + बी दाबलं तर त्या पातळीवरचे सगळेच क्रमांक बदलतात. एकट्या आकड्याचं रूप परिच्छेदाच्या शेवटी असलेल्या अदृश्य पॅराग्राफ मार्कवरून ठरतं. ‘मंजूर’ हा शेवटचा शब्द ठळक करताना तो मार्कही निवडला गेला, की आकडा ठळक होतो. ‘होम’ टॅबवरचं ¶ बटण दाबा, ओळीच्या टोकाला दिसणारी तेवढी खूण निवडा आणि कंट्रोल + बी दाबा. आकड्याचा रंग किंवा फाँट एकटाच वेगळा दिसला तरी आधी हीच खूण तपासा.

हे बटण यादीचं काम करताना चालूच ठेवावं असं माझं ठाम मत आहे. कुठे एंटर आहे, कुठे टॅब, कुठे नुसत्या स्पेस भरल्या आहेत, हे दिसलं की निम्मे गोंधळ कारणासकट समजतात. या खुणा छापल्या जात नाहीत.

इकडून तिकडून चिकटवणं

कमिटीचे सभासद आपापले मुद्दे वॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर पाठवतात. ते थेट चिकटवले की त्यांचा फाँट, त्यांचे इंडेंट आणि त्यांनी हाताने घातलेले क्रमांक तुमच्या यादीत शिरतात आणि ‘४. १.’ अशी दुहेरी मोजणी दिसते. चिकटवताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडा, हाताने लिहिलेले आकडे काढा, मग नंबरिंग द्या. यादी हाताबाहेर गेलीच असेल तर एकेक ओळ दुरुस्त करत बसू नका. सगळी निवडा, कंट्रोल + शिफ्ट + एन दाबून साध्या मजकुरावर आणा आणि क्रमांक नव्याने लावा. याला फार वेळ लागत नाही.

बुलेटच्या बाबतीत एवढंच : काही फोनवर काळ्या ठिपक्याच्या जागी चौकोन दिसतो, कारण वर्ड तो ठिपका सिंबॉल किंवा विंगडिंग्ज फाँटमधून घेतं आणि तो फाँट फोनमध्ये नसतो. सभासदांना पीडीएफ पाठवा.

‘विषय क्र. ६ मध्ये म्हटल्याप्रमाणे’

मजकुरातला हा सहा हाताने लिहिलेला असेल, तर यादी बदलल्यावर तो तसाच राहतो, आणि इतिवृत्तात हीच चूक सगळ्यात उशिरा सापडते. ‘रेफरन्सेस’ टॅबमध्ये ‘क्रॉस-रेफरन्स’ उघडा, ‘नंबर्ड आयटम’ घ्या आणि तो विषय निवडून ‘पॅराग्राफ नंबर’ घाला. हा आकडा यादीशी जोडलेला राहतो, पण लगेच बदलत नाही. छापण्याआधी किंवा पीडीएफ करण्याआधी कंट्रोल + ए आणि मग एफ९ दाबा. एखादा विषयच काढून टाकला असेल तर त्या जागी चूक झाल्याचा इंग्रजी संदेश उमटतो. कागद सह्यांना देण्याआधी ‘एरर’ हा शब्द फाइंडमध्ये इंग्रजीतून शोधून पाहा.